गुप्तधनाचा शोध आणि धातुशोधक यंत्राची निवड

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटच्या बाजूला जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग हा कचेऱ्यांचा, वाचनालयांचा आणि अतिथिगृहांचा रस्ता आहे. या रस्त्यावरील कोणत्याही मोठ्या इमारतीत शिरावयाचे म्हणजे दाराशी उभ्या केलेल्या एका रिकाम्या चौकटीतून जावे लागते. खिशातील किल्ल्या आणि नाणी काढून बाजूच्या तबकात ठेवावयाची, चौकटीतून पाऊल पुढे टाकावयाचे आणि तरीही ती वाजलीच तर कमरपट्ट्याचे बक्कल दाखवावयाचे, हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की, यात काही शास्त्र आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. चौकटीला सोने ठाऊक नाही, पितळ ठाऊक नाही आणि चोरही ठाऊक नाही. वीज वाहू देणारी एखादी वस्तू आपल्या कक्षेत आली, एवढेच तिला समजते.

गुप्तधन शोधण्यासाठी जे यंत्र विकले जाते ते या चौकटीचेच धाकटे भावंड होय. येथे माणूस चालतो आणि थाळीएवढे वेटोळे जमिनीवरून फिरवतो, एवढाच फरक. चौकटीविषयी कोणालाही भ्रम नाही. या धाकट्या भावंडाविषयी मात्र सुशिक्षितांच्याही मनात विलक्षण कल्पना असतात. त्याचा प्रत्यय मला याच मार्गावरील महाराष्ट्र सदनात उतरलो असता आला. नाशिक जिल्ह्यातील माझ्या भाच्याने फोन केला होता. त्याच्या घराण्याचा जुना वाडा पाडावयाचा आहे. त्याच्या आजीच्या तोंडी एक गोष्ट सदैव असे, की मधल्या चौकाच्या भिंतीत कोण्या पूर्वजाने हंडा पुरला आहे. भाचा म्हणाला, "मामा, बाजारात काही हजारांपासून काही लाखांपर्यंत यंत्रे आहेत. तुम्ही शास्त्राचे शिकलेले. आम्ही कोणते घ्यावे तेवढे सांगा." मी त्याला उलट विचारले, "काय शोधावयाचे आहे, किती खोल, कसल्या मातीत, आणि सापडले तर पुढे काय करणार?" पहिल्या तीन प्रश्नांवर तो थोडा घुटमळला. चौथा प्रश्न त्याला अप्रस्तुत वाटला. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु त्याच्याकडे यंत्राच्या वाटेनेच जाणे बरे.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आणला तर त्याच्यात वीजप्रवाह उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरेडे याने १८३१ साली दाखवून दिले. धातुशोधक यंत्राचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. वेटोळ्यातून उलटसुलट बदलणारा प्रवाह सोडला की त्याच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते जमिनीत शिरते. तेथे धातूची वस्तू असली तर तिच्या अंगात भोवऱ्यासारखे लहान लहान प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते आणि ते परत वर येऊन दुसऱ्या वेटोळ्यास जाणवते. कानाला जो आवाज ऐकू येतो तो या परत आलेल्या क्षीण हाकेचा होय.

या तत्त्वाचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग हुकला, ही गोष्ट यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. १८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कोठे आहे हे डॉक्टरांना समजेना. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने घाईघाईने एक धातुशोधक उपकरण तयार केले आणि ते रुग्णाच्या अंगावरून फिरवले. उपकरण गोळीची जागा काही सांगू शकले नाही. बिछान्याखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी शोधाची मुभा मुख्यतः शरीराच्या उजव्या बाजूपुरतीच दिली होती. गोळी दुसऱ्या बाजूस निघाली. गारफील्ड १९ सप्टेंबर रोजी मरण पावले. उपकरणात दोष फारसा नव्हता. ज्या परिसरात ते वापरले तो परिसर धातूने भरलेला होता, आणि शोधण्याची जागा आधीच ठरवून टाकलेली होती. आजही शंभरातील बहुतेक शोध याच दोन कारणांनी फसतात.

पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधण्याची निकड निर्माण झाली आणि हे यंत्र प्रयोगशाळेतून सैनिकाच्या हाती गेले. पोलंडचा एक सैनिकी अधिकारी जोझेफ कोसात्स्की याने १९४१ साली तयार केलेला नमुना १९४२ साली अल् अलामीनच्या रणांगणावर शेकड्यांनी वापरला गेला. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रे स्वस्तात विकली गेली आणि पाश्चात्त्य देशांत रविवारी शेते व समुद्रकिनारे धुंडाळणाऱ्यांचा एक नवा वर्ग उदयास आला. म्हणजे आज ज्याला आपण 'खजिन्याचे यंत्र' म्हणतो त्याचा जन्म माणसाचे पाय वाचवण्यासाठी झालेला आहे.

आता खोलीचा प्रश्न. जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत खोलीच छापलेली असते, आणि सर्वांत मोठी थापही तेथेच असते. वस्तू वेटोळ्याच्या मानाने लहान व दूर असली, तर वेटोळ्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत तिच्यापर्यंत पोहोचते आणि तिचे उत्तरही तितकेच क्षीण होत परत येते. घन गुणिले घन म्हणजे सहावा घात. अंतर दुप्पट झाले की हाक चौसष्टपट मंदावते; तिप्पट झाले तर सातशे एकोणतीसपट. या गणितापुढे कोणत्याही कारखानदाराचे काही चालत नाही. म्हणून सामान्य नाणे चांगल्या यंत्राला वीतभर, फार तर त्याहून थोडे अधिक खोल असले तर सापडते. मोठे वेटोळे लावले तर पोच वाढते, पण मग बारीक वस्तू निसटतात. हंडा, घंगाळ, तोफेचा गोळा अशी मोठी वस्तू अधिक खोल असली तरी कळू शकते, आणि त्यासाठी दोन पेट्या एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली निराळी यंत्रे मिळतात. ती नाण्यासारख्या बारीक वस्तूंची दखलच घेत नाहीत. त्यातही मडक्यातील नाणी गंजून एकमेकांपासून विलग झाली असली तर ती घन गोळ्याइतके ठणठणीत उत्तर देत नाहीत. 'दहा मीटर खोलीवरील सोन्याची अंगठी दाखवणारे यंत्र' असे कोणी म्हणाला तर तो फॅरेडेच्या नियमापलीकडचे काही विकत आहे असे समजावे.

दुसरी समजूत अशी की यंत्र सोने ओळखते. तेही खरे नाही. यंत्राच्या दर्शनीवर जे आकडे उमटतात ते वस्तूची वीजवाहकता आणि आकार यांचा मिळून होणारा परिणाम दाखवतात. चांदीची वा तांब्याची जाड वस्तू वरच्या आकड्यावर येते, लोखंड तळाशी जाते, आणि मधला जो पट्टा आहे त्यात पातळ सोन्याची अंगठी, ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद, शिशाचा तुकडा आणि औषधाच्या गोळ्यांचे वेष्टन हे सारे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केला की सोनेही बंद होते. आपल्या मुलखातील जुनी तांब्याची शिवराई जाड असल्याने सहज वाजते. सातवाहनांची शिशाची नाणी मात्र मधल्या पट्ट्यात येतात, आणि ज्याने विलायती पुस्तक वाचून यंत्र जुळवले आहे तो त्यांच्यावरून निर्धास्तपणे चालत पुढे जातो.

येथे मातीचा विचार ओघाने आला. बाजारातील बहुतेक यंत्रे सेकंदाला तीन हजार ते तीस हजार कंपने या पट्ट्यात चालतात. कंपने कमी असली तर चांदीची मोठी नाणी चांगली सापडतात. कंपने अधिक असली तर सोन्याचे बारीक कण. पण हे परदेशातील निवळ मातीत. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोहखनिज बारीक कणांच्या रूपाने विखुरलेले असते, आणि कोकणच्या जांभ्यातही चुंबकीय लोहखनिजे असतात. त्यामुळे आपल्याकडे जमीन स्वतःच बोलते. ज्या यंत्रास जमिनीशी जुळवून घेण्याची सोय नाही ते घाटावर काय किंवा रत्नागिरीस काय, सारखे कुरकुरत राहील. स्वस्त यंत्रांत ही सोय बहुधा नसते. म्हणून पैसे वाचवावयाचेच असतील तर आकडेफलकावर वाचवावे, या सोयीवर वाचवू नये. खनिजमिश्रित जमिनीसाठी दुसरी एक जात आहे. तिच्यात प्रवाह अखंड न सोडता क्षणिक ठोके दिले जातात आणि ठोका थांबल्यावर धातूतील प्रवाह किती वेळ रेंगाळतो ते मोजले जाते. तिला काळ्या जमिनीचा त्रास पुष्कळ कमी होतो. परंतु लोखंड कोणते आणि तांबे कोणते हे सांगण्यात ती कच्ची असते. जुन्या वस्तीच्या जागी, जेथे पावलापावलाला खिळे आणि लोहाराच्या भट्टीचा मळ पडलेला असतो, तेथे ती माणसाला वेड लावते.

समुद्रकिनाऱ्याचा प्रकार याहून निराळा. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहू देते, म्हणून एका कंप्रतेवर चालणारे यंत्र लाटेच्या रेषेजवळ खोटे बोलू लागते. तेथे अनेक कंप्रता एकाच वेळी वापरणारे किंवा वर सांगितलेले ठोक्यांचे यंत्र घ्यावे, आणि त्याचे वेटोळे पाण्यात बुडवता येते याची खात्री करावी. रत्नागिरीच्या बाजूच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइटचीही भर असते. मात्र किनाऱ्यावर जे सापडते ते बहुधा गुप्तधन नसून कोणाच्या तरी बोटातून कालपरवा निसटलेली अंगठी असते. तिला मालक आहे. ती त्याची त्याला शोधून देणे हा या यंत्राचा मला सर्वांत निर्मळ वाटणारा उपयोग आहे. खिशात घालणे हा गुन्हा आहे.

खाणीतील कच्चे सोने शोधण्याचा मोह मात्र आपल्या वाचकांनी सोडावा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १९८० साली एका गृहस्थास धातुशोधक यंत्राने सुमारे सत्तावीस किलो वजनाचा सोन्याचा गोळा सापडला, ही गोष्ट खरी आहे. पण तेथील भूमी निराळी. महाराष्ट्राचा फार मोठा भाग लाव्हारसाने झाकलेला असून त्यात असे गोळे सापडण्याची आशा नाही.

या सर्व यंत्रांना निदान नियम तरी आहेत. ज्यांना कोणताच नियम नाही अशा वस्तूंविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मुठीत धरावयाची नळी आणि तिच्या टोकाला सैल फिरणारी काडी, असे एक 'दूरशोधक' साधन गुप्तधनाच्या बाजारात फिरत असते. त्याचेच एक थोरले रूप इराकमध्ये स्फोटके शोधण्यासाठी मोठ्या संख्येने विकले गेले. त्याचा उगम गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यात होता आणि त्यात काम करणारे विजेचे कोणतेही अंग नव्हते. ते विकणाऱ्या इसमास २०१३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे तांदूळ ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भांड्याच्या नावाने लोकांना लुबाडतात, ते याच कुळातले. आणि त्याहून भयंकर म्हणजे गुप्तधनासाठी पूजा, अघोरी विधी आणि नरबळीपर्यंत जाणारे अज्ञान. त्याविरुद्ध महाराष्ट्रास २०१३ साली कायदा करावा लागला. मला कधी कधी असे वाटते की, एखाद्याने गुप्तधनापायी मांत्रिकाकडे जाण्याऐवजी खरे धातुशोधक यंत्र विकत घेतले तर तो निदान निम्मा शहाणा झाला. यंत्र 'नाही' म्हणते. मांत्रिक कधी 'नाही' म्हणत नाही.

पण यंत्राच्या 'होय'चा अर्थ लावण्यासही विवेक लागतो. याच वर्षी, म्हणजे २०१३ च्या ऑक्टोबरात, उत्तर प्रदेशच्या उन्नाव जिल्ह्यातील दौंडिया खेडा या गावी एका साधूच्या स्वप्नातील एक हजार टन सोन्यासाठी खोदाई झाली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उपकरणांनी तेथे जमिनीखाली काही अचुंबकीय वेगळेपणा दाखवला होता. उपकरण खोटे बोलले असे म्हणता येत नाही. 'येथे काहीतरी आसपासच्यासारखे नाही' एवढेच ते म्हणाले; त्यातून सोने हा अर्थ ऐकणाऱ्यांनी काढला. पुरातत्त्व सर्वेक्षणाने पद्धतशीर खणले, मातीची भांडी, बांगड्यांचे तुकडे, खिळे असे जुन्या वस्तीचे अवशेष निघाले, आणि नोव्हेंबरात काम थांबले. सोने निघाले नाही म्हणून देशभर हसू झाले. खापरे निघाली याची दखल मात्र फारच थोड्यांनी घेतली.

आता चौथा प्रश्न. कस्तुरबा गांधी मार्गापासून थोडे आत, हेली रोडच्या बाजूस, अग्रसेन की बावली नावाची जुनी पायऱ्यांची विहीर आहे. उंच इमारतींच्या मधोमध ती इतकी अकस्मात समोर येते की, पाहणाऱ्याच्या मनात तळाशी काय काय असेल हा विचार आल्यावाचून राहत नाही. ती संरक्षित स्मारक आहे. तेथे परवानगीवाचून कुदळ लावणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या अधिनियमाखाली अपराध होय. या अधिनियमाच्या पूर्वी १९०४ चा जो कायदा होता तो लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतला, आणि हा रस्ताही पूर्वी कर्झन रोड म्हणूनच ओळखला जाई. रस्त्यावरून नाव गेले याचे दुःख कोणी करू नये. त्या कायद्यातील दृष्टी मात्र टिकली हे बरे झाले.

संरक्षित स्थळाबाहेर जे सापडते त्याला १८७८ चा निखात निधीविषयीचा कायदा लागू होतो. तो छोटा आहे, आणि आपल्याकडील अनेक कायद्यांपेक्षा सुबोध आहे. जमिनीत किंवा जमिनीला जडलेल्या कोणत्याही वस्तूत दडवलेली मौल्यवान चीज म्हणजे निधी. म्हणजे वाड्याची भिंतही आली, हे भाच्याला ठाऊक नव्हते. निधीचे मोल दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे. मग जाहीर नोटीस निघते. ज्याने स्वतः किंवा ज्याच्या पूर्वजाने मागील शंभर वर्षांच्या आत ते पुरले असे सिद्ध होईल त्याला ते मिळते. असा कोणी नसेल आणि जागेच्या मालकाशी निराळा करार झालेला नसेल, तर सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व मालकास एक चतुर्थांश. लपवून ठेवले तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. भिंत पाडताना हंडा पहिल्यांदा मजुराच्या पहारीला लागला तर सापडणारा तो मजूर ठरू शकतो, वाड्याचा वारस नव्हे, हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

मजुराचे नाव मी उगीच काढले नाही. महाराष्ट्रातील मोठमोठे शोध यंत्रांनी नव्हे, कुदळीने लागले आहेत. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती ती. ती क्षत्रप नहपानाची. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात क्षहरातांचा उच्छेद केल्याची जी घोषणा आहे तिचा साक्षीदार असा हातात आला. त्यातील एखादे नाणे सुटे मिळाले असते तर ते कुतूहलाची वस्तू ठरले असते. तेरा हजारांत नऊ हजार, हे प्रमाण कळले ते साठा अभ्यासकांच्या हाती गेला म्हणून. तोच सोनाराच्या मुशीत गेला असता तर चांदी तेवढीच भरली असती.

याच्या उलट दायमाबादची गोष्ट. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातील या गावी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला आणि माणूस हाकत असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. सर्व मिळून साठ किलोंच्या वर वजन. भारतीय धातुकामात यांच्या तोडीच्या वस्तू थोड्या. त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, असे मत पुरातत्त्वज्ञांनी मांडले. परंतु त्या थरांच्या क्रमाने केलेल्या उत्खननात निघाल्या नव्हत्या. धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले, दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे आढळत नाही, आणि काळाविषयी शंका उपस्थित झाली. नंतर तेथे उत्खनन होऊनही हा वाद पुरता मिटलेला नाही. यात त्या शेतकऱ्याचा काडीचाही दोष नाही. तो सरपणासाठी खणत होता. पण वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कशा पडल्या होत्या हे कोणी कागदावर मांडण्यापूर्वीच त्या बाहेर आल्या, आणि ती माहिती आता कोणत्याही यंत्राने परत मिळणार नाही.

यंत्र हाती असताना याहून निराळे वागता येते हे इंग्लंडच्या सफोक परगण्यात दिसून आले. १९९२ साली होक्सन येथे एका शेतात हरवलेली हातोडी शोधण्यासाठी एका गृहस्थाने धातुशोधक यंत्र फिरवले. हातोडीऐवजी सोन्याचांदीच्या वस्तू वर येऊ लागल्या. काही निघाल्यावर तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला भाग जसाच्या तसा खणला. रोमन काळाच्या अखेरची सुमारे पंधरा हजार नाणी निघालीच; शिवाय ती एका ओकच्या पेटीत, लहान लहान डब्यांत, कापडात गुंडाळून कशी रचली होती हेही कळले. सापडणाऱ्याला आणि शेतकऱ्याला मिळून साडेसतरा लाख पौंड मिळाले. हातोडीही सापडली, ती संग्रहालयात ठेवली आहे. त्या गृहस्थाचे यंत्र काही अपूर्व नव्हते. अपूर्व होते ते त्याचे थांबणे.

परंतु केवळ सद्गुणाचे गोडवे गाऊन भागणार नाही, कारण थांबणे परवडावेही लागते. माझा मतभेद आपल्या कायद्याशी येथे आहे. शासनाने निधी संपादन करावयाचा ठरवला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्यातील धातूचे मोल आणि वर त्याचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यावयाची असते. सोन्याच्या बाबतीत हे ठीक म्हणता येईल. पण सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांच्या मडक्याचे धातूचे मोल ते किती? भंगारवाला देईल त्याहून थोडे अधिक. चोरटा व्यापारी त्याच्या अनेक पट देतो. इंग्लंडमध्ये बाजारभाव तज्ज्ञ समितीकडून ठरवून घेतला जातो, आणि १९९७ पासून तेथे बारीकसारीक सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद ठेवण्याची योजना आहे. तिच्यात पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तेथेही रात्री चोरून खणणारे आहेतच, आणि या साऱ्या छंदालाच विरोध असणारे पुरातत्त्वज्ञही आहेत. मी तो छंद येथे आणावा असे म्हणत नाही. आपल्याकडे जुन्या वस्तीची पांढरी इतकी उघडी पडलेली आहे, आणि तिची माती गाड्या भरभरून शेतात नेण्याची चाल इतकी जुनी आहे, की हजारो यंत्रे मोकळी सोडली तर दोन दशकांत त्या टेकाडांवर अभ्यासण्याजोगे काही उरणार नाही. पांढरीवर यंत्र फिरवावे ते उत्खनन करणाऱ्यांनीच. उपसलेल्या मातीच्या ढिगात निसटलेले नाणे राहिले नाही ना हे पाहण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही.

माझे म्हणणे मजुराविषयी आहे. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या मातीतून मजुरांना मिळालेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी हस्तगत केल्याची बातमी आली. हे निधीचे प्रकरण कायद्यातील तीन चतुर्थांशाच्या वाटेने न येता पोलीस ठाण्याच्या वाटेने आले. पहारीला काही लागल्यावर 'आता आपल्याला धरतील' हा पहिला विचार ज्याच्या मनात येतो, तो माणूस ते लपवणार, विकणार किंवा वितळवणार. त्याच्या मनात 'आता तीन वाटे माझे' हा विचार प्रथम यावा, यासाठी ती रक्कम धातूच्या मोलावर न ठरता वस्तूच्या ऐतिहासिक मोलावर ठरली पाहिजे, लवकर मिळाली पाहिजे, आणि ही गोष्ट तलाठ्याच्या चावडीवर व प्रत्येक बांधकामाच्या फाटकावर मराठीत लिहिलेली दिसली पाहिजे. दहा रुपयांच्या मर्यादेचे हसू येते. १८७८ साली ती रक्कम मोठी होती, आज तेवढ्यात चहाही मिळेल न मिळेल. पण ती नुसती वाढवून काय साधणार? कवडीमोलाचे नाणेही योग्य थरात सापडले तर राजाचा काळ सांगते. मर्यादा रुपयांची नको, वयाची हवी.

भाच्याला मी असे सांगितले की, भिंतीसाठी लाखांचे यंत्र घेऊ नये. भिंत हातभर किंवा दीड हात जाडीची. दोन्ही बाजूंनी तपासता येते. म्हणजे खोलीचा प्रश्नच उरत नाही. लहान वेटोळ्याचे साधे यंत्र कोणाकडून भाड्याने मिळाले तर पुरे. त्यापूर्वी वाड्याचा विजेचा पुरवठा बंद करावा, नाहीतर तारा वाजत राहतील. दाराखिडक्यांच्या बिजागऱ्या, कड्या, तुळयांचे खिळे यांच्या जागा आधी खडूने आखाव्यात. बेलची स्प्रिंग म्हणून मी सांगितली ती हीच. गवंडी आणि मजूर यांच्याशी वाट्याचा लेखी करार कामाला हात घालण्यापूर्वी करावा. भिंत वरून खाली, थराथराने उतरवावी, आणि आवाज आलेल्या जागी पहार न घालता थापीने माती काढावी.

वाडा अजून उभा आहे. दिवाळीनंतर पाडावयाचे ठरले आहे. परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या अर्जाचा नमुना कोठे मिळेल असे तो विचारीत होता. मी म्हणालो, त्यासाठी छापील नमुना लागत नाही. कायद्याला तीन गोष्टी हव्यात: निधीचे स्वरूप व अंदाजे मोल, सापडल्याची जागा, आणि सापडल्याची तारीख. त्यात चौकाच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती हात अंतरावर आणि जोत्यापासून किती उंचीवर, ही दोन मापे त्याने आपण होऊन घालावीत, एवढे मी सुचवले आहे.